दुरुस्तीची तरतूद कापून पैसे वाचत नाहीत

एक मेसेज सध्या खूप फिरतो आहे. त्याचा आशय असा: स्थानिक प्रशासन करदात्यांचा पैसा न संपणाऱ्या दुरुस्त्यांवर उधळतं. चांगल्या रस्त्यावर पुन्हा डांबर टाकतात, काल केलेला रस्ता आज खोदतात, गळक्या पाइपांमागे लाखो घालवतात, वर्ष संपत आलं की उरलेला निधी घाईघाईने उडवतात. मेसेजच्या शेवटी उपायही आहे: दुरुस्तीची तरतूद निम्मी करा, मोडेल तेवढंच नीट करा, आणि काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला द्या.

यातला राग मला शंभर टक्के पटतो. नवाकोरा रस्ता महिनाभरात उखडलेला पाहिला की कुणाचंही डोकं फिरेल. पण सुचवलेला उपाय खरंच केला, तर उधळपट्टी थांबायच्या ऐवजी वाढेल. कशी, ते मुद्देसूद सांगतो.

"रस्ता चांगला दिसत असताना त्यावर खर्च कशाला?"

कारण स्वस्तातली दुरुस्ती तेव्हाच करता येते. डांबराला आधी केसाएवढी भेग पडते. तिच्यातून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरतं, थर भुसभुशीत होतो, वरून चाकं जात राहतात आणि डांबराखालचा आधारच सुटतो. खड्डा आपल्याला दिसतो तो या सगळ्याच्या शेवटी. भेगा वेळेत भरल्या, वरून पातळ थर दिला, तर पाणी आत जात नाही. खालचा थर एकदा गेला की रस्ता खणून पायापासून करावा लागतो, आणि तो खर्च कित्येक पट असतो.

मात्र एक गोष्ट इथे विचारायलाच हवी. जुना थर खरवडून न काढता थरावर थर चढवत नेला की रस्ता उंच होतो, पाणी गटाराऐवजी लोकांच्या दारात जातं. तो पैसा वाया गेलेला असतो, याबद्दल दुमत नाही. तसंच सगळ्या रस्त्यांना सारखा निधी वाटणंही चूक आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोजमाप झालं. त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याचं नुकसान चाकांच्या आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट झाला की नुकसान सोळापट. म्हणजे जड वाहनं जातात तिथे पैसा आधी गेला पाहिजे, मग तिथे कुणाचं वजन असो वा नसो.

"केलेला रस्ता पुन्हा खोदतात, हे मुद्दाम चालतं."

इथे मेसेजचा रोख खोदण्यावर आहे. माझा आक्षेप बुजवण्यावर आहे.

रस्त्याखाली पाणी, सांडपाणी, गॅस, वीज, केबल असं सगळं एकमेकांच्या अंगावरून गेलेलं असतं. जलवाहिनी फुटली तर रस्ता नवा आहे म्हणून थांबता येत नाही. नवी जोडणी मागणाऱ्यालाही वर्षानुवर्षं ताटकळत ठेवता येत नाही. ठरवून करायच्या कामांची गोष्ट वेगळी, आणि तिथे नियमाने फरक पडतो. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने रस्त्याचं मोठं काम झाल्यावर ठरावीक काळ तिथे खोदायला मनाई करता येते. त्यासाठी काम सुरू होण्याआधी सगळ्या सेवा कंपन्यांना नोटीस जाते: काय खोदायचं ते आत्ताच खोदून घ्या. आपत्कालीन कामाला अर्थातच सूट आहे. सिंगापूरने मरिना बे भागात पाणी, वीज, केबल अशा वाहिन्या एकाच भुयारातून नेल्या, तिथे त्यांच्या दुरुस्तीसाठी रस्ता फोडावा लागत नाही. जुन्या शहरभर असं भुयार घालणं फार महाग पडतं. नवीन वस्ती आखताना मात्र हा विचार व्हायलाच हवा.

पण रोजच्या खोदकामातला पैसा जातो तो चरात. चर कसा बुजवतात ते उभं राहून एकदा बघा. निघालेलीच माती, दगड, डांबराचे तुकडे, सगळं एका दमात आत लोटतात. वरून चार वेळा यंत्र फिरवतात आणि डांबराचा पट्टा ओढून मोकळे होतात. यंत्राची दाब देण्याची ताकद खोलवर पोचत नाही. वरचा वीतभर भाग घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो. पहिल्या मोठ्या पावसात तो बसतो आणि रस्त्यावर आडवी घळ तयार होते. खरी पद्धत अशी: योग्य भराव आणायचा, साधारण वीतभर थर टाकायचा, दाबायचा, मग पुढचा. खोदताना चराच्या कडेची जमीनही सैल होते, म्हणून डांबर चरापेक्षा थोडं रुंद कापायचं आणि नवा-जुना सांधा डांबराने बंद करायचा. यात वेळ जातो, आणि नेमका तोच वाचवला जातो, कारण बुजवल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये चर बुजवणाऱ्याला दोन वर्षं, आणि खोल खोदकाम असेल तर तीन वर्षं हमी द्यावी लागते. त्या काळात चर बसला तर तो स्वतःच्या खर्चाने नीट करतो. अशी हमी असणं आणि कुणीतरी ती तारीख लिहून ठेवणं, या दोन गोष्टींनी जेवढा पैसा वाचेल तेवढा तरतूद कापून वाचणार नाही.

"गळती काढणं म्हणजे पैसा पाण्यात."

लोकांना दिसतं ते कारंजं. मोठी जलवाहिनी फुटली की काही तासांत बोंब होते आणि व्हॉल्व्ह बंद होतो. खरं नुकसान न दिसणाऱ्या गळतीत आहे. मिनिटाला फक्त एक लिटर गळणारा सांधा वर्षभरात सव्वापाच लाख लिटर पाणी जमिनीत घालवतो, आणि त्या पाण्यावर उपसा, शुद्धीकरण, वीज हा सगळा खर्च आधीच झालेला असतो. शिवाय दाब उतरला की त्याच भोकातून बाहेरची घाण नळात शिरते.

टोकियोने हे काम नेटाने केलं. १९५० च्या दशकाच्या मध्याला तिथली गळती २० टक्क्यांच्या आसपास होती, ती पुढे ३-४ टक्क्यांवर आली. रात्री रस्ता शांत असताना पाइपाला कान देऊन गळती शोधायची, घरगुती जोडण्यांचे शिशाचे नळ बदलून स्टेनलेस स्टीलचे घालायचे, हे ते दशकानुदशकं करत राहिले. मेसेजच्या हिशेबाने ही सगळी उधळपट्टीच ठरली असती.

"जे मोडेल तेवढंच दुरुस्त करा."

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये फर्न हॉलो नावाचा शहराच्या मालकीचा पूल होता. २८ जानेवारी २०२२ च्या सकाळी तो कोसळला. एक बस आणि काही गाड्या खाली गेल्या, माणसं जखमी झाली, सुदैवाने कुणी दगावलं नाही. हा पूल अशा पोलादाचा होता की त्यावरचा गंजाचा थरच त्याचं रक्षण करतो. अट एकच, पोलाद सतत ओलं राहता कामा नये. पुलावरच्या पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा कचऱ्याने तुंबल्या होत्या. पाणी आणि चिखल पायांवर साचून राहिला आणि पोलाद खात गेला. तपासणीच्या अहवालांत वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं की निचरा मोकळा करा, कचरा काढा. २०१८ मध्ये एका नागरिकाने गंजून तुटलेल्या भागाचा फोटोसुद्धा शहराला दाखवला होता. झाडू-फावड्याचं काम राहिलं, आणि नवा पूल बांधायला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब बघावा असं मला मनापासून वाटतं.

"सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्या."

कमी दर चालेल, पण कामाचं वर्णन पक्कं हवं आणि थरांची जाडी मोजणारा माणूस जागेवर हवा. ते नसेल तर कमी दराची भरपाई कंत्राटदार खडी आणि डांबरातून करून घेतो.

"वर्षअखेर उरलेला निधी उडवतात."

हा मुद्दा खरा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी केंद्र सरकारच्या खरेदीवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात खर्च इतर आठवड्यांच्या सरासरीच्या ४.९ पट होतो, आणि त्या आठवड्यात दिलेल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या कामांचा दर्जा घसरलेला असतो, असं त्यात दिसलं. न खर्चलेला निधी परत जातो, पुढच्या वर्षी तरतूदही कमी होते, ही भीती त्यामागे असते. म्हणजे तरतूद कापायची धमकी हेच या घाईचं कारण आहे, आणि मेसेज तेच औषध म्हणून सुचवतो. त्याच अभ्यासात न्याय खातं वेगळं निघालं. तिथे उरलेला निधी पुढच्या वर्षी वापरायची मुभा होती, आणि शेवटच्या आठवड्यातल्या कामांचा दर्जा तिथे घसरला नाही. आपल्या प्रतिनिधीकडे काही मागायचंच असेल तर दुरुस्तीच्या निधीला ही मुभा मागा, आणि त्याबरोबर प्रत्येक चराची नोंद: कुणी खोदला, कधी बुजवला, हमी कधी संपते.