फास्टिंग ९४, मग मधुमेह आहे की नाही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, तुमच्या प्रतिक्रियेतला राग रास्त आहे आणि त्यातला काही दोष माझ्या लेखाकडे येतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. तुमच्या धाकट्या जाऊबाईंना सव्वीसावा आठवडा आहे. लॅबमध्ये उपाशीपोटी बोलावून तीनदा रक्त घेतलं. उपाशी ९४, एका तासाने १७१, दोन तासांनी १२८. डॉक्टरांनी गरोदरपणातला मधुमेह आहे असं सांगितलं. माझ्या लेखात मात्र 'दोन तासांनी १४० च्या आत असेल तर काळजी नाही' असं लिहिलं होतं. म्हणून तुम्ही विचारता की खोटं कोण बोलतंय, मी की डॉक्टर? शिवाय तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ५.२ आली असताना पोटुशीला ग्लुकोजचं पाणी पाजायचं कारणच काय? आणि भात सोडून भाकरीवर आल्या तरी जेवणानंतर १४६ कशी?

खोटं कोणीच बोललेलं नाही. या दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि एकीचा आकडा दुसरीच्या फुटपट्टीवर मोजता येत नाही. हे लेखात ठळक लिहायला हवं होतं, ते राहिलं. आता लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

मी लिहिलं होतं ते केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांबद्दल. २०१४ मध्ये त्या आल्या आणि २०१८ मध्ये सुधारल्या. त्यात उपाशी राहायची अट नाही. बाई जेवून आली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचं. १४० किंवा जास्त आलं तर मधुमेह धरायचा. पहिली चाचणी नाव नोंदवतानाच करायची, ती नॉर्मल आली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, आणि दोन्हींत किमान चार आठवड्यांचं अंतर. या पद्धतीमागे चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांचं मोठं काम आहे. कारण अगदी व्यावहारिक आहे. वाडीवरून एसटीने उपकेंद्रात आलेल्या बाईला 'उद्या उपाशीपोटी या' म्हटलं, तर ती उद्या येतेच असं नाही. आली त्या दिवशीच तपासलं तर किमान तपासली तरी जाते.

जाऊबाईंची झाली ती जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्वीकारलेली चाचणी. ग्लुकोज तेच, ७५ ग्रॅम, पण रात्रभर उपाशी राहून. उपाशी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यांतला कुठलाही एक आकडा गाठला किंवा ओलांडला की निदान झालं. त्यांचे पुढचे दोन आकडे नीट आहेत, उपाशीचा ९४ मात्र रेषेच्या वर आहे. सरकारी पद्धतीत उपाशीची शुगर बघतच नाहीत, त्यामुळे फक्त फास्टिंग वाढलेल्या बायका तिथून निसटू शकतात. ही त्या पद्धतीची खरी मर्यादा आहे. म्हणून उपाशीची चाचणी झालेली असेल, तर तिचा निकाल १४० च्या नियमाने पुसून टाकू नये. डॉक्टरांनी केलं ते योग्यच.

आता ९२ हाच आकडा का? २००८ मध्ये नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून जास्त गरोदर बायकांचा हापो नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईची शुगर वाढत जाते तसं बाळाचं वजन, सिझेरियन आणि जन्मानंतर बाळाची शुगर घसरणं हे सगळं हळूहळू वाढत जाताना दिसलं. अमुक आकड्याला एकदम कडा कोसळते असं काही नाही, तो सरळ चढ आहे. चढावर कुठेतरी दगड रोवायचा होता, तो तज्ज्ञांनी ९२ वर रोवला. त्यामुळे ९१ म्हणजे निर्धास्त आणि ९४ म्हणजे संकट, असं दोन्हीही मानू नका. उपचार सुरू झाल्यावर घरी जे लक्ष्य दिलं जातं ते उपाशी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत. म्हणजे जाऊबाईंचा ९४ निदानाच्या रेषेच्या वर आहे, पण उपचाराच्या लक्ष्यात बसतो. त्यांना आत्ता गरज आहे ती घरी नियमित मोजण्याची आणि ताट आखण्याची. आज लगेच औषध लागेलच असं नाही.

'लॅबने वाढवून दाखवलं असेल' अशी शंकाही तुम्ही घेतली आहे. ती शक्यता फार कमी. चुका बहुतेक उलट्या दिशेने होतात. काढलेल्या रक्तातल्या पेशी नळीतसुद्धा साखर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला सुमारे पाच ते सात टक्के. म्हणून सॅम्पल राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये घ्यायचं असतं. पण फ्लोराइडचा पुरता परिणाम व्हायलाही तासभर जातो, त्यामुळे कलेक्शन सेंटरवर घेतलेलं रक्त दुपारी मुख्य लॅबमध्ये पोचत असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. फास्टिंग वाढवणारी नेहमीची चूक घरी होते, पहाटेचा चहा. जाऊबाईंना एवढंच विचारा, आदल्या रात्रीनंतर फक्त पाणीच घेतलं होतं ना? किमान आठ तास गेले होते ना? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ९४ खरा धरा.

ग्लुकोजच्या पाण्याची भीती अनेकींना असते. मळमळ होते हे खरंच आहे. पाणी गार घ्यावं, घोट घोट पण दहा मिनिटांच्या आत संपवावं, आणि दोन तास बसून राहावं. मधल्या वेळात बाजारात फेरी मारली तर स्नायू साखर वापरतात आणि निकाल बिघडतो. वेळ पहिल्या घोटापासून मोजतात. सरकारी सूचनांप्रमाणे प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्यानंतर झाली तर चालू ठेवायची. वजनाकडेही लक्ष हवं. बाजारातली बहुतेक ग्लुकोज पावडर पाण्याचा अंश धरून ठेवणारी असते, तिची ८२.५ ग्रॅम घेतली तर ७५ ग्रॅम कोरडं ग्लुकोज मिळतं. संत्र्याच्या स्वादाच्या पुड्यांत साधी साखर मिसळलेली असते, त्या या कामाच्या नाहीत. 'चार चमचे टाका' असं कुठे सांगितलं तर तिथे चाचणी करू नये. बाळाला यातून इजा होते का, तर नाही. किती साखर पोटात जाते याचा अंदाज पुढे भाकरीच्या हिशोबात येईलच. ज्यांचं वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी मात्र हे पाणी पिऊ नये. त्यांना चक्कर, घाम, जुलाब होऊ शकतात, आणि त्यांचं निदान काही दिवस घरी शुगर मोजून करतात.

एचबीए१सी ५.२ आहे म्हणून सुटका नाही. हा आकडा तांबड्या पेशी दोन-तीन महिने रक्तात फिरताना किती साखर चिकटली ते सांगतो. गरोदरपणात पेशी लवकर बदलतात, नव्या कोऱ्या पेशी जास्त असतात, म्हणून तो मुळातच खाली सरकतो. लोह कमी असेल तर उलट वर जातो आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की पुन्हा खाली येतो. सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, आणि विदर्भात, नंदुरबारकडे हे विचारायलाच हवं, तर तो आणखी बेभरवशाचा. शिवाय त्रास सुरू होतो तो पाचव्या-सहाव्या महिन्यात, वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तेव्हा. तीन महिन्यांच्या सरासरीत हे शेवटचे तीन आठवडे बुडून जातात. पहिल्या भेटीत ६.५ किंवा जास्त आला तर मधुमेह आधीपासूनच होता हे कळतं, तेवढ्यापुरता तो कामाचा. नॉर्मल आला म्हणून ग्लुकोजची चाचणी टाळायची नाही.

आता भाकरी. इथे तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण 'भात बंद, भाकरी सुरू' हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि फसतो. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ६८ ग्रॅम पिष्टमय भाग असतो. घरात चांगली टम्म फुगलेली, ताटभर भाकरी होते ती ७५ ग्रॅम पिठाची. म्हणजे एका भाकरीत पन्नासेक ग्रॅम. छोटा फुलका २०–२२ ग्रॅम पिठाचा, त्यात पंधराच्या आसपास. एक भाकरी म्हणजे तीन फुलके झाले. दोन भाकऱ्या खाल्ल्या की शंभर ग्रॅम, चाचणीच्या ग्लुकोजपेक्षाही जास्त. फक्त ते सावकाश पचतं, म्हणून आकडा १४६ वर थांबला. भाकरी चांगलीच आहे, ती किती हा प्रश्न आहे. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पीठ तोलून थापा. चाळीस ग्रॅमची भाकरी केवढी दिसते ते डोळ्यांत बसलं की रोज तोलावं लागत नाही.

ताट असं लावून पाहा. चाळीस ग्रॅमच्या दोन लहान भाकऱ्या किंवा तीन फुलके, मोठी वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी भरपूर, काकडी-कोशिंबीर, वाटीभर ताक. आधी भाजी-उसळ खायची, भाकरी मागाहून. भात हवाच असेल तर एक भाकरी वजा करून अर्धी-पाऊण वाटी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललं तरी दोन तासांनंतरच्या आकड्यात फरक दिसतो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर. नाश्ता सगळ्यात अवघड, कारण सकाळी संप्रेरकांमुळे इन्सुलिन सर्वांत कमी लागू पडतं. तीच पोह्यांची बशी संध्याकाळी चालते आणि सकाळी १५० दाखवते. सकाळी मुगाचं धिरडं, अंडं, पनीर घातलेलं छोटं थालीपीठ असं काही द्या. चहाबरोबरची बिस्किटं आणि खारी बंद करा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, दाण्याचं कूट घालून तो हलका होत नाही. चतुर्थीचा उपवास या महिन्यांत सोडला तर बरं.

मात्र भाकरी-भात पूर्ण बंद करू नका. दिवसाला किमान १७५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायलाच हवेत. उपासमारीने शरीर चरबी जाळू लागतं आणि लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, येतात. आकडे सुंदर आणि बाईचं वजन घटतंय, हे चांगलं लक्षण नव्हे.

उपाशीची शुगर मात्र ताटाला फारशी जुमानत नाही. रात्रभर यकृत साखर सोडत असतं, तिचा तो आकडा. रात्रीचं जेवण आठच्या आत, मग चालणं, झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध किंवा मूठभर फुटाणे, असं चार-पाच दिवस करून वहीत पाहा. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. आठवडा-दोन आठवडे नेटाने करूनही ९५ च्या वरच राहिली तर डॉक्टर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी किंवा झोपतानाचं इन्सुलिन सुचवतील. त्यात जाऊबाईंचा काही दोष नसेल, हे घरातल्यांना तुम्हीच सांगा. 'एकदा इन्सुलिन सुरू झालं की सुटत नाही' ही भीती इथे लागू नाही. वार पडली की बहुतेकींचं इन्सुलिन त्याच दिवशी थांबतं, आणि आईला दिलेलं इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. साखर मात्र जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि अंगाखांद्याला भरतं, अडचण ती आहे. सिरिंज घेताना टोपण बघा: दर मिलीला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल, १०० युनिटच्या बाटलीला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर दहाच्या खुणेवर पंचवीस युनिट जातात. शुगर ७० च्या खाली गेली, घाम-थरथर सुटली, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

घरच्या मीटरचंही थोडं सांगते, कारण तुमच्या १४६ मध्ये त्याचा वाटा असू शकतो. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर सुई टोचली तर मीटर फळाची साखर मोजतं. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. वेळ पहिल्या घासापासून धरा. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर मीटर आकडा वाढवून दाखवतं. शंभरच्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं असं मीटरचं मानकच आहे, तेव्हा एका १४६ वरून निष्कर्ष नको. आठवडाभर उपाशी आणि तीन जेवणांनंतर असे चार आकडे रोज लिहा, शेजारी काय आणि किती खाल्लं तेही. डॉक्टरांना ही वही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

बाळंतपणानंतरची एक गोष्ट हमखास राहते. घरी पाहुणे, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि 'शुगर गेली' म्हणून सगळे निश्चिंत. सहा आठवड्यांनी उपाशीपोटी ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते. तेव्हा रेषा वेगळ्या: उपाशी १२६ किंवा दोन तासांनी २०० म्हणजे मधुमेह, दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. नॉर्मल आली तरी पुढे दरवर्षी तपासायचं, कारण अशा बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरींच्या सात पटींहून जास्त आढळला आहे. बाळाचा दीड महिन्याचा डोस त्याच सुमारास असतो, एकाच फेरीत दोन्ही होतं. जाऊबाईंच्या माता-बाल संरक्षण कार्डावर त्या डोसच्या रकान्याशेजारी 'आईची शुगर, उपाशी' असं आजच पेनाने लिहून ठेवा.