‘फक्त’ दिसलं की काट मारा म्हणे!

बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, "विधान आणि गृहीतक: विधान न वाचता 10 सेकंदात उत्तर!!" (या प्रश्नांत एक विधान देतात आणि बोलणाऱ्याने न सांगता काय धरलंय, म्हणजे गृहीतक, ते ओळखायचं असतं.) खाली पाच नियम. एक, फक्त, सर्व, नेहमी असले शब्द दिसले की गृहीतक चूक. दोन, प्रत्यक्षात खरं असेल ते गृहीतक बरोबर. तीन, जाहिरात असली की डोळे झाकून बरोबर. चार, सरकारी सूचना असली की 'लोक ती पाळतील' हे बरोबर. पाच, दोन गृहीतकं एकमेकांच्या उलट असली की 'दोन्हींपैकी एक'. एरवी मी असलं काही आलं की पुढे सरकतो, पण हे भाचीने पाठवलं, "मामा, पाठ करून टाकू ना? मेन्सला कामी येईल" (मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा). तिने प्रिंट काढून भिंतीवर चिकटवलंय पण. म्हणून लिहितोय.

आधी दुसरा नियम घेतो, कारण सगळ्यात जास्त वाट तोच लावणार आहे.

समजा विधान आहे, "सागरकडे गाडीचं लायसन्स आहे, म्हणजे त्याला 18 पूर्ण झालेली असणार." बोलणारा काय धरून चाललाय? की लायसन्स फक्त 18 पूर्ण झालेल्यांनाच मिळतं. आता हे खरं आहे का? नाही. मोटार वाहन कायद्यात 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीला 16 वर्षं पुरतात. म्हणजे गृहीतक प्रत्यक्षात खोटं आणि वर त्यात 'फक्त' पण आहे, मेसेजच्या हिशोबाने दोनदा बाद. आणि तरी बरोबर उत्तर तेच! ते काढून घेतलं तर बोलणाऱ्याच्या 'म्हणजे' ला काही आधारच उरत नाही.

या प्रश्नांच्या वर एक सूचना छापलेली असते जी कोणी वाचत नाही. तिच्यात सरळ म्हटलेलं असतं की गृहीतक म्हणजे मानून चाललेली, गृहीत धरलेली गोष्ट. खरी असलेली गोष्ट असं त्यात कुठेही नाही. आणि कोणी धरलेली? ज्याने विधान केलं त्याने. तुमचं जनरल नॉलेज इथे कोणी विचारलेलंच नाहीये, उलट अभ्यासू पोरं इथेच मार खातात, पर्यायात ओळखीची खरी गोष्ट दिसली की लगेच टिक करतात, विधानाला तिची गरज आहे का ते बघतच नाहीत.

गरज कशी बघायची? गृहीतक उलटं करा आणि विधानाशेजारी ठेवून बघा. "18 च्या आतल्या काहींनाही लायसन्स मिळतं" म्हटलं की सागरचं वय ठरवता येत नाही, विधान कोसळलं, म्हणजे गृहीतक आत होतं. फक्त उलटं नीट करा हो, 'सर्व' च्या उलट 'कोणीच नाही' होत नाही, 'काही जण तसे नाहीत' होतं. निम्मे लोक इथेच घोळ घालतात आणि मग म्हणतात ही पद्धत चालत नाही. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशासाठीच्या एलसॅट परीक्षेची तयारी करणारी पोरं हेच करतात. आणि आपल्या मीमांसकांचा, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या जुन्या पंडितांचा, उदाहरणातला देवदत्त तर त्याहून कितीतरी जुना, दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, म्हणजे रात्री जेवत असणार. ही उडी मारताना न जेवता कोणी लठ्ठ होत नाही हे धरलेलंच आहे, ते उलटं करा, देवदत्ताचं रात्रीचं जेवण गेलं.

आता पहिल्या नियमात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. "पाऊस येईल, छत्री घेऊन जा" यात 'छत्रीने माणूस अजिबात भिजत नाही' हे गृहीत नाही, थोडा बचाव होतो एवढंच पुरे आहे. टोकाचे शब्द बऱ्याचदा असं गरजेपेक्षा जास्त मागतात म्हणून चुकतात. पण ते विधान वाचल्यावर कळतं, शब्दावरून नाही.

जाहिरातीचं तेच. "आमचा क्लास लावा, फाडफाड इंग्रजी बोला" यात लोकांना इंग्रजी बोलायचंय हे धरलंय, पण दुसरीकडे कुठेच चांगलं शिकवत नाहीत हे धरलेलं नाही. दोन्ही त्याच एका जाहिरातीखाली येणार, मग डोळे झाकून कोणतं टिक करायचं?

सूचनेबद्दल मुंबईकराला विचारा. "रूळ ओलांडू नका, पादचारी पुलाचा वापर करा" ऐकत ऐकत लोक रूळ ओलांडत असतात. इथे काही लोक रूळ ओलांडतात, पूल आहे, सांगून काहीतरी फरक पडू शकतो, एवढं धरलेलं आहे. 'सगळे प्रवासी ऐकतील' हे नाही. गंमत म्हणजे यांच्याच पहिल्या नियमाने 'सगळे' चूक आणि चौथ्याने बरोबर.

पाचवा नियम सिलॉजिझममधून, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायच्या प्रश्नांतून, उचलून इथे चिकटवलाय. तिथे 'दोन्हींपैकी एक' ला अर्थ आहे, कारण तिथे दोन निष्कर्षांतला एक खरा असणारच एवढं कळतं पण कोणता ते कळत नाही. इथे बोलणाऱ्याने एक गोष्ट धरली असेल किंवा दोन्ही धरल्या नसतील. उलट आहेत म्हणून एक धरलीच पाहिजे असं काही नाही.

राहिले ते 10 सेकंद. बँकेच्या प्रीलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, 20 मिनिटांत तीस-पस्तीस रिझनिंगचे प्रश्न असतात, घाई समजू शकतो, पण गृहीतकं येतात मुख्यतः मेन्सला, आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग कापला जातो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट पेपरमध्ये तर अख्खा उतारा देऊन त्यावर गृहीतकं विचारतात, तिथे काय न वाचता करणार? भाचीला सांगितलंय, भिंतीवरचं काढ आणि जुन्या पेपरमधली गृहीतकं एकेक करून उलटी करत बस.