किंडलपुढे कुणाचंच चालत नाही? जर्मनीत चाललं की!

वाचकांच्या गटांत एक संदेश अधूनमधून फिरतो: ‘ई-रीडर म्हणजे किंडल. अ‍ॅमेझॉन भाव पाडते, तिच्यापुढे पुस्तकांची दुकानं टिकत नाहीत, आणि दुसरं यंत्र घेतलंत तर त्यावर वाचायला पुस्तकंच मिळणार नाहीत.’ भारतापुरतं यात बरंच तथ्य आहे. पण हा जगाचा नियम असल्यासारखं सांगितलं जातं, तिथे जर्मनी आडवा येतो.

आधी दुकानदार. मार्च 2013 मध्ये थालिया, वेल्टबिल्ड, हुगेंडुबेल हे पुस्तकविक्रेते आणि बेर्टेल्समानचा पुस्तक क्लब यांनी डॉइचे टेलिकॉम या दूरसंचार कंपनीला हाताशी धरून ‘टोलिनो’ हा ई-रीडर बाजारात आणला. एरवी ही मंडळी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी! 2014 च्या तिसऱ्या तिमाहीत जीएफके या बाजार-संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार ई-पुस्तकांच्या विक्रीत टोलिनोवाल्यांचा वाटा 45 टक्के होता, अ‍ॅमेझॉनचा 39. (हा वाटा पुस्तकांचा, यंत्रांचा नव्हे.) वेल्टबिल्डने त्याच वर्षी जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तरीही हे घडलं.

भाव पाडण्याचं म्हणाल, तर तिथे ती सोयच नाही. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सगळ्या दुकानांना पाळावी लागते. कायदा 2002 चा, 2016 मध्ये त्यात ई-पुस्तकांचाही स्पष्ट उल्लेख आला. प्रकाशकाने 9.99 युरो लावले की थालियातही तेवढेच आणि अ‍ॅमेझॉनवरही तेवढेच. मग चढाओढ उरते ती यंत्राची आणि सेवेची.

पुस्तकं मिळत नाहीत, हे तर उलटंच आहे. टोलिनो ईपब वाचतो, म्हणजे ई-पुस्तकांचा असा खुला फाइल-प्रकार, जो एकाच कंपनीच्या मालकीचा नाही. हुगेंडुबेलमधून आणलेल्या टोलिनोवर थालियात घेतलेली पुस्तकं खाती जोडून उतरवता येतात. सार्वजनिक ग्रंथालयांच्या ‘ऑनलाइहे’ सेवेतून घेतलेलं पुस्तकही त्यावर उघडतं. किंडल ई-रीडरवर नाही.

‘म्हणजे स्वदेशी जिंकलं’ असंही कुणी लगेच लिहू नये. 2017 मध्ये टेलिकॉमची जागा कोबो या ई-रीडर कंपनीने घेतली, आणि कोबो जपानच्या राकुतेन कंपनीच्या मालकीची.

आपल्याकडे फ्लिपकार्टने 2015 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं आणि ग्राहक याच कोबोकडे सोपवले. किमतीचा कायदा नाही, दुकानदारांची एकी नाही. किंडलला रान मोकळं मिळालं ते यामुळे.