एवढं मोठं वाळवंट पडलंय, मग जनरेटर आमच्याच खिडकीखाली का?

डोकं इतकं उठलंय की आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, लांबलं तर लांबू दे.

आम्ही दोघं रिटायर्ड, शिकागोची थंडी आता ह्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही म्हणून हिवाळा आला की आरव्ही, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, घेऊन ॲरिझोनात येतो, क्वार्टझसाइटजवळ ला पोसाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही बीएलएमची म्हणजे अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याची जमीन, आम्ही १८० डॉलरचं पर्मिट काढलंय आणि त्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. रिगपर्यंत (आरव्हीलाच इथे रिग म्हणतात) वीज नाही, पाणी नाही, आखून दिलेल्या साइट नाहीत, आपली जागा आपण शोधायची आणि लावायचं. ११ हजार एकरच्या वर जागा आहे. अकरा हजार एकर! आणि एवढ्यात ह्या नव्या शेजाऱ्याला जागा कुठे सापडली, तर आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर.

जानेवारीत आरव्ही शो असतो तेव्हा गर्दी होते, ते मान्य, पण गर्दी झाली तरी मागे डोंगरापर्यंत मोकळं पडलंय हो, क्रिओसोटच्या झुडपांशिवाय काही नाही. आम्ही नोव्हेंबरपासून इथे आहोत, मुद्दाम रस्त्यापासून आत येऊन लावलंय कारण शांतता हवी होती, दुसरं काही नाही. हा आला, दोनदा मागेपुढे केलं, स्लाइडआउट म्हणजे रिगचे सरकते भाग बाहेर काढले आणि पिकअपमधून तो जनरेटर उतरवला. कमी आवाजाचा साधा इन्व्हर्टर जनरेटर नाही, बांधकामावर असतो तो, उघड्या फ्रेमचा. आपल्याकडे वरातीमागे ढकलगाडीवर असायचा ना, अगदी तसला. आणि ठेवला कुठे? स्वतःच्या दाराजवळ नाही, रिगच्या मागच्या बाजूला, म्हणजे आमच्याकडे! त्याला स्वतःला आवाज नको ना!

क्वाएट अवर्स, म्हणजे शांतता पाळायची वेळ, रात्री १० ते सकाळी ६. म्हणजे त्याच्या लेखी उरलेले १६ तास ढणाढणा लावायला परवानगी. सकाळी सहाच्या ठोक्याला दोरी ओढली जाते. मी चहा ठेवलेला असतो, बाहेर अजून पाच-सहा डिग्री थंडी, सूर्य वर यायचाय, ही एक वेळ असते जिच्यासाठी आम्ही इतके मैल गाडी हाणत येतो, आणि तेवढ्यात ते धाडधाड सुरू होतं ते खिडकीची काच थरथरते. परवा वारा आमच्या बाजूला होता तर सगळा धूर आत आला आणि सीओ अलार्म बोंबलायला लागला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, अलार्म नसता तर काय झालं असतं? ह्यांना आधीच दमा आहे. त्या थंडीत दारं-खिडक्या सताड उघडून बाहेर बसलो, शाल गुंडाळून.

हे गेले बोलायला. आमचे हे म्हणजे फारच सौम्य. "जरा त्या बाजूला ठेवाल का" एवढंच विचारलं. तर म्हणे नियमात दोन रिगमध्ये १५ फूट अंतर लागतं, माझं त्याहून जास्त आहे, टेप काढून दाखवली मेल्याने! अरे पंधरा फूट हे कमीत कमी आहे, एवढंच ठेवा असं कुणी सांगितलंय? आणि अवाजवी आवाज करू नये हेही नियमातच आहे, ते बरं दिसलं नाही. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, हे ह्यांनी त्याला नीट समजावलं, आयुष्यभर इंजिनियरिंग केलेला माणूस. पंधराचे १२० फूट केले तर १८ डेसिबल गेले. शंभर फूट मागे सरक, तुझं काय जातंय? तर वर आम्हालाच म्हणतो, त्रास होतो तर तुम्ही हलवा. चोराच्या उलट्या बोंबा. लेव्हलिंग केलेलं, जमिनीवरची सोलर पॅनल तिरकी करून लावलेली, चटई, ऑनिंग, सगळा संसार मांडलेला, तो सत्तरीतल्या माणसांनी गुंडाळायचा कारण ह्याला शंभर फूट जड झाले.

आणि एवढं करून मिळवतो काय? बॅटऱ्या लेड-ॲसिड आहेत म्हणे, त्यांचे शेवटचे वीस टक्के भरायला तासन् तास लागतात, तेवढा वेळ चार्जर थेंबथेंब वीज घेतो आणि हे धूड मात्र मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर तसंच किंचाळतं, लोड असो नसो. इन्व्हर्टरवाला निदान लोड कमी झाला की हळू होतो. ॲरिझोनात ऊन फुकट आहे रे बाबा. सकाळी दोन तास जनरेटर लाव, पुढचं पॅनलवर सोड. एवढी महागडी रिग घेणाऱ्याला पॅनल परवडत नाहीत हे मला सांगू नका.

पण खरी तिडीक जाते ती दुसऱ्याच गोष्टीने. जनरेटर चालू ठेवून तिकडची दोघं पिकअपमध्ये बसून गावात जातात! फ्ली मार्केटला! दिवस दिवस येत नाहीत. रिकाम्या घरासाठी आम्ही ते ऐकत बसायचं. इथली देखरेख करणाऱ्या होस्टला सांगितलं, तो बिचारा व्हॉलंटियर, येऊन बोलून गेला, एक दुपार शांत गेली आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आत्ता साडेनऊ वाजलेत, ती दोघं पलीकडे कुणाच्या तरी शेकोटीला गेलीत, रिगमध्ये अंधार आहे आणि जनरेटर चालूच आहे. हे म्हणतात जाऊ दे गं, दहाला बंद होईल. नाही जाऊ देणार. उद्या मी स्वतः जाणार आहे बोलायला, ह्यांना नाही पाठवणार, आणि तो अलार्म हातात घेऊन जाणार आहे.