रक्तातला आकडा आणि तिसऱ्या दिवशीची बोटे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीमुळे तुटून पक्षाघात झालेला रुग्ण पुढे कितपत सावरेल, याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्यांना मी लेखात ‘आज तरी निरुपयोगी’ म्हटले होते. न्यूरोफिलामेंट आणि कोपेप्टिन या रक्तात मोजता येणाऱ्या दोन घटकांवरचे संशोधन मी डावलले आणि त्यामुळे घरच्यांना मिळू शकणारी माहिती त्यांच्यापासून दूर राहते, असे आपले दोन आक्षेप आहेत. वडिलांविषयी आपण विचारलेल्या प्रश्नाकडे मी शेवटी येते.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘निरुपयोगी’ हा शब्द चुकीचा होता आणि तो मी लेखातून काढला आहे. व्हॅसोप्रेसिन हे ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक रक्तात फार टिकत नाही. पण त्याच्या घडणीत सुटा होणारा कोपेप्टिन हा तुकडा टिकतो आणि म्हणून मोजता येतो. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ३६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाखल होताना कोपेप्टिन जास्त असलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची अवस्था अधिक वाईट आढळली, आणि हा संबंध वय व आघाताची तीव्रता हिशेबात धरूनही टिकला.

मात्र त्याच अभ्यासातले पुढचे आकडेही पाहायला हवेत. ज्या मोजपट्टीवर ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक भाकीत, तिच्यावर एकट्या कोपेप्टिनला ०.७३ मिळाले, आणि डॉक्टर खाटेशेजारी उभे राहून रुग्णाचे बोलणे, नजर, हातपाय तपासून शून्य ते ४२ यांपैकी जे गुण देतात, त्यांची जोड दिल्यावर ०.७९. ही भर खरी आहे. पण तेवढ्या बळावर समोरच्या एका माणसाविषयी ‘हे चालतील’ किंवा ‘चालणार नाहीत’ असे म्हणता येत नाही. एडिंबरा येथील संशोधकांनाही इंटरल्यूकिन-६ हे दाहाशी संबंधित प्रथिन रक्तात वाढलेल्या रुग्णांची पुढची अवस्था वाईट दिसली, तरी वय आणि तीव्रता यांवरून आधीच बांधलेल्या अंदाजात त्या तपासणीने फारशी भर घातली नाही. एखादी गोष्ट परिणामाशी निगडित असणे आणि तिने आपल्या माहितीत भर घालणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्या लेखात हा फरक स्पष्ट व्हायला हवा होता.

न्यूरोफिलामेंटची गोष्ट अधिक रंजक आहे. हे प्रथिन चेतातंतूंच्या सांगाड्याचा भाग असल्यामुळे तंतू तुटले की ते रक्तात झिरपते. रक्तातले प्रमाण इतके सूक्ष्म असते की ते मोजण्याची पुरेशी संवेदनशील पद्धत अलीकडेच हाती आली. म्युनिकच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की सातव्या दिवशीच्या पातळीवरून नव्वदाव्या दिवशीच्या अपंगत्वाचा अंदाज येतो. पण ही पातळी पहिल्या काही तासांत नव्हे, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत चढते, म्हणजे उपचारांचे मोठे निर्णय होऊन गेल्यावर. शिवाय ती सांगते मेंदूचे किती नुकसान झाले हे; उरलेला मेंदू किती जुळवून घेईल, हे ती थेट सांगत नाही.

आणि वाईट परिणामाची खूण म्हणजे त्याचे कारण नव्हे. दाखल होताना साखर वाढलेले रुग्ण कमी सावरतात, हे जुने निरीक्षण आहे. म्हणून अमेरिकेतील शाइन चाचणीत ११५१ रुग्णांपैकी निम्म्यांची साखर इन्सुलिनने काटेकोर खाली ठेवली. २०१९ मध्ये निकाल आला, तेव्हा त्यांची अवस्था इतरांपेक्षा चांगली नव्हती.

घरच्यांना माहिती मिळायलाच हवी, हे आपले म्हणणे मलाही तितक्याच तळमळीने पटते. म्हणूनच नेदरलँड्समधील २०१० च्या अभ्यासाकडे लक्ष वेधते. पहिल्या ७२ तासांत ज्यांना लुळ्या हाताची बोटे थोडी तरी सरळ करता आली आणि खांद्यातून हात बाजूला उचलता आला, त्यांच्यापैकी ९८ टक्क्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता दिसली. ज्यांना दोन्ही जमले नाही, त्यांच्या बाबतीत ती २५ टक्के होती. या तपासणीला सुई लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तिचा निकाल नातेवाइकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. घरच्यांना काय सांगितले जात नाही असा प्रश्न असेल, तर मला आधी हे आठवते.

आता वडिलांविषयी. पहिल्या आठवड्यात त्यांचे सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन, वाढलेले होते, म्हणून ते सावरणार नाहीत असे कुणीतरी आपल्याला सांगितले. सीआरपी मेंदूच्या इजेने वाढते, तसेच छातीच्या किंवा लघवीच्या संसर्गानेही वाढते, आणि गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला न्यूमोनिया होणे नवलाचे नाही. त्या आकड्याचा खरा उपयोग संसर्ग शोधण्यासाठी होता. आता तिसऱ्या महिन्यात न्यूरोफिलामेंट तपासावे का, असे आपण विचारता. सुरुवातीची पातळी हाताशी नाही, एव्हाना ती उतरणीला लागलेली असते, आणि वय व मूत्रपिंडाचे दुखणे यांनीही ती वाढते. त्यामुळे आलेल्या आकड्यावरून त्यांच्या उपचारात काहीही बदलणार नाही. मी तो खर्च करणार नाही. फिजिओथेरपिस्टना मात्र उद्याच विचारा, की त्यांची बोटे पहिल्या आठवड्यात हलत होती का आणि आज किती उघडतात.