भाड्याच्या घरांचं कोण बोलणार?

मुंबईत चाळी-झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासाचा वाद उफाळला की लंडनमध्ये बसून मी तो अधाशासारखा वाचतो. किती चौरस फूट, बिल्डरला किती चटई क्षेत्र, कोण पात्र, कोण अपात्र. सगळी चर्चा मालकीची. भाड्याच्या घरांचा विषयच निघत नाही, आणि मला मग जॉर्ज पीबॉडी आठवतो.

१७९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या गरीब घरात जन्मलेला हा माणूस. अकराव्या वर्षी शाळा सुटली, बाल्टिमोरला कापडाचा धंदा केला, १८३७ मध्ये लंडनला येऊन अमेरिकी रोखे विकणारा बँकर झाला. त्याचा भागीदार ज्युनियस मॉर्गन. तीच पेढी पुढे मॉर्गन या बँकर घराण्याची झाली. लंडनच्या गरिबांसाठी १८६२ मध्ये पीबॉडीने दीड लाख पौंड दिले, पुढे हा आकडा पाच लाखांवर गेला. धर्म आणि राजकीय पक्ष पाहायचा नाही, ही त्याची अट. १८६४ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात पहिली इमारत उभी राहिली. घरं भाड्याचीच, आणि भाड्यातून उरलेला पैसा पुन्हा घरांतच. या देणगीतून उभ्या राहिलेल्या पीबॉडी संस्थेकडे आज लाखभर घरं आहेत.

ही घरं सगळ्यांना परवडली नाहीत. आठवड्याचं भाडं आगाऊ भरावं लागे, त्यामुळे रोजंदारीवरचा अगदी नाडलेला माणूस बाहेरच राहिला. त्याच्यापर्यंत पोचायला पुढे सरकारी घरबांधणीच लागली. दानशूर माणूस सरकारची जागा घेऊ शकत नाही, हे मला मान्य आहे.

पण आपल्याकडेही प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या, मग बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याच्या, आल्या. सगळ्या भाड्याच्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरू वाचला, पण दुरुस्तीला पैसा उरला नाही. आज गिरणी कामगाराच्या वारसाला आणि चाळकऱ्याला हक्काचं घर मिळालंच पाहिजे. मात्र उद्या लातूरहून कामाला येणाऱ्या पोराने राहायचं कुठे? त्याला आडनाव आणि खाणं विचारून दार लावून घेणाऱ्या सोसायट्या आहेतच.

आपले उद्योगपती शाळा, रुग्णालयं बांधतात, त्याबद्दल आदरच आहे. त्यांच्यातल्या कुणीतरी भाड्याच्या घरांचा ट्रस्ट काढावा. सरकारने जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, विक्रीला कायमची बंदी घालावी, भाडं महागाईच्या प्रमाणात वाढू द्यावं. आणि जात-धर्म न विचारण्याची अट करारात पहिल्याच पानावर असावी.