लघवीत जंतू सापडले? बरं, मग?

परत तेच! आजोबांना ना ताप, ना जळजळ, ना ओटीपोटात दुखणं. दोन पोळ्या खाऊन निवांत पेपर वाचत बसलेत. पण चेकअपच्या पॅकेजमध्ये कुणीतरी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) घुसडलेलं, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘ई. कोलाय, 1,00,000 च्या वर’, म्हणजे मिलिलिटरभर लघवीत या जातीचे लाखावर जंतू. झालं! मुलाचा लगेच फोन, "डॉक्टर, कुठलं अँटिबायोटिक सुरू करू? खाली यादीच दिलीय." अरे, ते काय मेनूकार्ड आहे?

वय झालं की कित्येकांच्या, त्यातही बायकांच्या, लघवीत जंतू असतातच. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, महिनाभर राहिला तर जवळपास प्रत्येकाच्या. त्रास नसेल तर औषध नको. मधुमेह असला तरी नको! अपवाद मोजके: गरोदर बाई, किंवा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेटसारखं ऑपरेशन करायचं असेल तर.

"पण वास येतोय ना लघवीला!" येणारच. दिवसभरात पाणी किती पितात ते बघा आधी.

बरं, मी नाही लिहून दिलं तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आहेच, चिठ्ठीशिवाय पाच दिवसांचा कोर्स हातात ठेवणारा. मग जुलाब, तोंड येणं, आणि पुढच्या कल्चरमध्ये त्याच यादीपुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’. म्हणजे रेझिस्टंट, गोळी लागू पडणार नाही. पुढे कधी खरोखरच थंडी वाजून ताप भरला की अॅडमिट करून शिरेतून मेरोपेनेमसारखं जबर अँटिबायोटिक द्यायची वेळ येते. तेव्हा हाच मुलगा बिल हातात धरून विचारतो, "साध्या गोळीने नसतं का हो भागलं?"